रुसव्याची खुर्ची

“हातावर नको दादा, तोंडात भरवा वहिनींच्या! जोडीचा फोटो आहे,” फोटोग्राफर म्हणाला.

उदयनं माझ्या तळहातावर ठेवलेली तिळगुळाची वडी परत उचलली. भोवती महिला मंडळाच्या बायका काळ्या साड्या नेसून उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरात असतं तसलं हसू होतं. त्यानं वडी माझ्या ओठांपाशी आणली. मी तोंड उघडलं.

“गोड बोल,” तो म्हणाला.

“तूही,” मी म्हणाले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, फ्लॅश उडाला. स्टेज सोडलं तर कित्येक महिन्यांत त्याचा हात माझ्या इतका जवळ आलेला नव्हता. हे त्या मंडपामागच्या खोलीत फक्त आम्हा दोघांना आणि आमच्या कीबोर्डवाल्या सिराजला ठाऊक होतं. सिराज खाली मान घालून वायरी सोडवत बसला होता.

ही एकोणनव्वद सालातली, संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाच्या दिवसांतली गोष्ट. वाळव्याकडच्या एका साखर कारखान्यानं सभासदांच्या बायकांसाठी दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. पोस्टरवर मात्र ‘उदय-चारू म्युझिकल नाइट’. आमची दुपारही नाइटच असायची. पोस्टरं एकगठ्ठा छापून घेतलेली, खाली गाव आणि वेळ तेवढी शाईनं लिहायची.

मी चारुशीला. मिरजेची, आवटींची. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. उदय मगदूम इचलकरंजीचा, घरचे माग. सांगलीला कॉलेजच्या गॅदरिंगला त्यानं स्वतः बांधलेल्या एका गाण्यासाठी मुलीचा आवाज हवा होता, आणि गाण्याच्या परीक्षा दिलेली मुलगी म्हणून सगळ्यांनी मला पुढं ढकललं. त्या गाण्याचं पुढं काही झालं नाही, आमचं लग्न झालं. त्याच्या घरी गिटार पटत नव्हती आणि सूनही. पण पहिली कॅसेट निघाली आणि सासूबाई दारावरून जाणाऱ्या बोहारणीलासुद्धा आत बोलावून ती ऐकवायला लागल्या.

दुसऱ्या कॅसेटमध्ये ‘चहा गार झाला’ होतं. नवरा-बायकोचं सकाळी भांडण झालंय, बायको खिडकीकडं तोंड करून बसलीय, आणि नवरा समजूत काढतोय, एवढंच ते गाणं.

‘चहा गार झाला गं, राग गार होईना,
खिडकीकडं तोंड तुझं, इकडं काही वळेना...’

त्यावर मी म्हणायची,

‘खिडकीतून रस्ता दिसतो, तुझ्यात काय बघू?
सांग आधी चुकलं कुणाचं, मगच मागं वळू.’

हे गाणं असं काही चाललं की विचारू नका. सलूनमध्ये, पानपट्टीवर, वरातीत, रिक्षात. कॅसेटच्या कव्हरवर आम्ही दोघं गॉगल लावून राजदूतवर बसलेले. नवं जोडपं संध्याकाळी फिरायला निघालं की कट्ट्यावरची पोरं हाक मारायची, “काय उदय-चारू, कुठं निघालात?” आमची नावं अशी आमच्याच अंगावरनं उतरून लोकांची झाली होती.

स्टेजवर त्या गाण्यासाठी दोन खुर्च्या असायच्या. त्यातल्या एकीला आम्ही रुसव्याची खुर्ची म्हणायचो. ती उदयकडं पाठ करून ठेवलेली, आणि तिच्यावर मी हाताची घडी घालून बसायची. दोन कडवी झाली की सिराज एक सूर धरून ठेवायचा आणि आमचं बोलणं सुरू व्हायचं.

“पैठणी आणू का?”

“नको.”

“पाटल्या करू का?”

“नको.”

“मग तुझ्या आईला बोलावू का चार दिवस?”

“खरंच?” असं म्हणून मी गर्रकन वळायची, हशा व्हायचा आणि तिसरं कडवं सुरू. मी स्टेजवर त्याला अरे-तुरे करायची, याचंही बायकांना फार अप्रूप होतं. इचलकरंजीत सासू-सासऱ्यांसमोर ‘अहो’, आणि एकटे असलो की पुन्हा ‘तू’.

त्या बोलण्यात उदय कधीकधी भर घालायचा. स्टेजवर त्याला काहीही सुचायचं. एखादी नवी गंमत जमली, लोक हसले, की उतरल्या उतरल्या तो सिराजला म्हणायचा, “हे ठेवायचं.” ठेवायचं म्हणजे कायमचं. लोकांना हसवणारं वाक्य त्यानं कधी वाया जाऊ दिलं नाही. खाली उतरला की मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. जेवताना, गाडीत, अंथरुणावर, सगळीकडं ‘हं’ आणि ‘बघू’. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. मी म्हणायची, “तुझ्याशी संसार करायचा तर घरात माइक लावून घ्यायला पाहिजे.” हेही वाक्य त्यानं पुढं स्टेजवर वापरलं. लोक खूप हसले.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. लोकांना जोडी आपली वाटायची म्हणजे जोडीचं सगळंच आपलं वाटायचं. कुठल्याही गावात कुणीतरी बाई प्रेक्षकांतून ओरडायचीच, “पाळणा कधी?” त्याचंही उत्तर उदयकडं तयार होतं. “अहो मावशी, हीच एवढी रुसते, सध्या हिलाच पाळण्यात घालून झोके देतोय!”

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला दिवस राहिले होते. पाचव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. मी काही दिवस दवाखान्यात होते, मग घरी. उदय शेजारी बसून असायचा. बोलायचा नाही. माझ्या पायाला तेल चोळायचा, पेज भरवायचा, आणि बोलायचा नाही. मला वाटायचं, एकदा तरी तिच्याबद्दल काहीतरी म्हणावं यानं. नुसतं ‘वाईट झालं’ एवढं तरी.

महिन्यानंतर गडहिंग्लजला कार्यक्रम होता. आधीच ठरलेला. मीच म्हणाले, जाऊ या. बसून तरी काय करायचं? दोन गाणी झाली आणि पुढच्या रांगेतून एक बाई ओरडली, “पाळणा कधी?”

आणि उदय म्हणाला, “अहो मावशी, हीच एवढी रुसते...”

सगळं वाक्य म्हणाला तो. शेवटपर्यंत. लोक हसले. मी हातातला माइक घट्ट धरून उभी राहिले आणि पुढचं गाणं गायले. परतीच्या वाटेवर मॅटेडोरमध्ये तो माझ्याकडं वळून म्हणाला, “चारू, तोंडातून निघून गेलं गं. सवयीनं.”

मी काही बोलले नाही. आणि नंतरही आम्ही त्यावर बोललो नाही. त्यानं ते वाक्य टाकून दिलं, परत कधी कुणी विचारलं तर हसून मान हलवायचा. पण माझ्यात काहीतरी थांबलं होतं ते थांबलंच. वर्षभर तशीच राहिले त्या घरात. मग अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणून मिरजेला आले आणि राहिले. तो न्यायला आला नाही. मीही निरोप धाडला नाही. दिवाळीत त्याचा थोरला भाऊ येऊन वडिलांशी बोलून गेला, की असं लोंबकळत ठेवण्यापेक्षा काय ते कागदावर करून टाकू, दोघंही मोकळे होतील. वडील म्हणाले, “पोरं ठरवतील.” पोरांनी एवढंच ठरवलं की मेपर्यंतचे कार्यक्रम घेतलेले आहेत, ते पार पाडायचे. मग बघू.

म्हणून मॅटेडोर मला मिरजेच्या नाक्यावरून घ्यायची आणि तिथंच सोडायची. पूर्वी उदय माझ्या शेजारी बसायचा, आता ड्रायव्हरशेजारी. स्टेजवर चढलो की हातात हात. उतरलो की दोन वाटा.

तर त्या कारखान्यावरचा कार्यक्रम. मंडप बायकांनी फुलून गेला होता. उसाचा हंगाम, मळीचा वास मंडपात भरलेला. कारखान्याच्या अध्यक्षांच्या मंडळींना सगळे वहिनीसाहेब म्हणत. त्यांनी प्रास्ताविकात सांगितलं, “नवरा-बायकोनं कसं राहावं हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी आज नीट बघून घ्या.” मी उदयकडं बघितलं. तो गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा करत होता.

‘चहा गार झाला’ सुरू झालं तेव्हा निम्म्या बायका आमच्याबरोबर गात होत्या. दोन कडवी झाली. मी रुसव्याच्या खुर्चीवर, त्याच्याकडं पाठ. सिराजनं सूर धरला.

“पैठणी आणू का?”

“नको.”

“पाटल्या करू का?”

“नको.”

आता आईचं वाक्य यायचं. आलं नाही. मी वाट बघितली. स्टेजवर एवढी शांतता फार मोठी असते. त्यानं गिटारवरचा हातही थांबवला होता. मला वाटलं, तार तुटली की काय. मग माइकमधून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत.

“चारू, कार्यक्रम झाल्यावर घरी येशील?”

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. समोर मंडपाचं कापड आणि एक पंखा. मला एवढंच कळलं की यानं नवीन काहीतरी काढलंय आणि पुढचं वाक्य माझं आहे. इतक्या वर्षांची सवय. रिकामी जागा दिसली की ती भरायची.

“का?” मी म्हणाले. “भांडी पडलीत का घासायची?”

असा हशा मी आयुष्यात परत ऐकला नाही. एका बाजूनं उठला आणि लाटेसारखा दुसऱ्या बाजूला गेला, तिथून परत आला. पुढं बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “आस्संच पायजे!” बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. वहिनीसाहेब पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझं अंग त्या हशानं फुलून आलं. मी ठरल्याप्रमाणे वळले. उदयही हसत होता. माइक तोंडाशी धरून म्हणाला, “मेलो!” त्यावर अजून एकदा हसले सगळे. मग त्यानं तार छेडली आणि तिसरं कडवं असं गायला की एक सूर इकडचा तिकडं झाला नाही.

कार्यक्रम संपल्यावर वहिनीसाहेबांनी माझी ओटी भरली, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. म्हणाल्या, “चारूताई, आज तुम्ही आम्हा सगळ्यांच्या मनातलं बोललात हो.”

गाडीत सगळे दमून बसले होते. मला अजून तो हशा ऐकू येत होता. मी पुढच्या सीटकडं वाकून म्हणाले, “आजचं छान जमलं.”

“हं,” उदय म्हणाला. “मस्त टाकलंस.”

“तूच नवीन काढलंस की.”

तो खिडकीबाहेर बघत होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती रस्त्याला. “सुचलं,” म्हणाला.

मिरजेच्या नाक्यावर मी उतरले. घरी जाऊन वडिलांना सगळा किस्सा हसत हसत सांगितला, अभिनयासकट. ते हसले नाहीत.

“तो असं म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“अहो, गाण्यातलं बोलणं ते.”

“बरं,” ते म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढचा कार्यक्रम कराडला, एका कॉलेजच्या गॅदरिंगला. मधे पंधरा-वीस दिवस गेले असतील. आम्ही सकाळीच पोचलो. माइक बघून घेत होतो. उदय स्टेजच्या कडेला बसून गिटारच्या तारा जुळवत होता, मी मागं पाणी पीत होते. सिराजनं कीबोर्डवरून विचारलं,

“दादा, ते भांडीवालं ठेवायचं न्हवं? म्हणजे तेवढा वेळ सूर धरून ठेवतो.”

“नको.”

सिराज थांबला. “नको? अवो दादा, एवढं हसल्याल्या बाया. कारखान्यावरनं अजून लोक विचारायलेत मला. हितं पोरं तर खुर्च्या डोक्यावर घेतील.”

“नको म्हटलं ना सिराज. जुनंच घेऊ.”

तो ओरडला नाही. चिडलाही नाही. पुन्हा तार जुळवायला लागला. ती तार आधीच जुळलेली होती, मला ऐकू येत होतं, तरी तो पिळत होता.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ज्या माणसाला लोकांना हसवणारं वाक्य सोडवत नसे, गडहिंग्लजला जे गिळायला पाहिजे होतं तेसुद्धा ज्याला गिळता आलं नव्हतं, तो आजवरचा सगळ्यात मोठा हशा ‘नको’ म्हणत होता. मला कारखान्यावरची ती शांतता परत ऐकू आली. त्याचा तो खालच्या पट्टीतला आवाज. असा आवाज त्यानं गाण्यात कधीच लावला नव्हता.

मी त्याच्यापाशी गेले. “उदय.”

“हं.”

“जरा बोलायचं होतं.”

त्यानं वर बघितलं. काय दिसलं त्याला माझ्या चेहऱ्यावर कोण जाणे, पण हात थांबले त्याचे. तेवढ्यात कॉलेजच्या मुली आल्या सह्या घ्यायला, हसत, एकमेकींना ढकलत. त्यांच्यामागून प्राचार्य, त्यांच्यामागून हारतुरे. उदय उठला. “कार्यक्रमानंतर बोलू,” म्हणाला.

कार्यक्रमापर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. त्यानं परत विचारलं तर? नकोच म्हणाला होता, तरी वाटत होतं. माणूस ‘नको’ म्हणतो आणि ऐन वेळी त्याला राहवत नाही. विचारलं तर काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. एकच शब्द होता. ‘येते.’ लोकांना हसू येवो न येवो. माइकसमोर का असेना. त्याला तिथंच बोलता येत असेल तर तिथं.

‘चहा गार झाला’ आलं. पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. दुसरं कडवं संपलं, मी खुर्चीपाशी आले, आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. खुर्ची उचलली, त्याच्याकडं तोंड करून ठेवली आणि बसले. या वेळी मला त्याचा चेहरा बघायचा होता.

पोरं ओरडली, “वहिनी वळल्या! वहिनी आधीच वळल्या!”

उदय क्षणभर गोंधळला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, “पैठणी आणू का?”

“नको.”

“पाटल्या करू का?”

“नको,” मी म्हणाले. “दुसरं काहीतरी विचार.”

पोरांनी ‘ओऽऽ’ केलं. सिराजनं मान वर करून आमच्याकडं बघितलं. सूर धरलेलाच होता त्यानं, सोडला नाही. मी उदयच्या डोळ्यांत बघत होते. मला वाटतं, त्याला कळलं. आज इतक्या वर्षांनी सांगताना छातीवर हात ठेवून तसं सांगता येणार नाही, पण त्या वेळी वाटलं. त्याचे ओठ उघडले. कपाळावर घाम होता. हात तारांवर नुसता ठेवलेला.

“विचार की,” मी म्हणाले. माझा माइक खाली होता. ते त्याच्यापुरतंच होतं.

समोर हजारभर पोरं आ वासून बघत होती. कुणीतरी मागून ओरडलं, “दादा, लवकर बोला, चहा गार होतोय!” मंडप हसला. आणि उदय त्या हसण्याकडं वळला. दार उघडं दिसल्यावर माणूस वळतो तसा.

“ऐकलंत?” तो पोरांना म्हणाला. “पैठणीवर भागत नाही, पाटल्यांवर भागत नाही. आता घरच विकायला लागणार!”

टाळ्या, शिट्ट्या. सिराजनं तिसऱ्या कडव्याचे सूर सुरू केले. मी उठले आणि गायले. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता.

कार्यक्रमानंतर तो केबल गुंडाळत खाली बसला होता. मी जवळून जाताना मान वर न करता म्हणाला, “तुला काय बोलायचं होतं?”

मी तिथं उभी राहिले. त्याची मान दिसत होती मला, उन्हानं रापलेली, कॉलरशी केस वाढलेले. हे केस मी कापायची. न्हाव्याकडं जायचा त्याला कंटाळा होता.

“काही नाही,” मी म्हणाले. “राहू दे.”

“नक्की?”

“हो.”

त्यानं केबल पिशवीत भरली.

मेपर्यंतचे राहिलेले कार्यक्रम आम्ही केले. रुसव्याची खुर्ची पुन्हा पूर्वीच्या जागी, पाठ करून. पैठणी, पाटल्या, आई, हशा. कारखान्यावरचं ते वाक्य त्यानं परत कधी म्हटलं नाही, आणि सिराजनंही पुन्हा विचारलं नाही.

पुढं उदय मुंबईला गेला. जाहिरातींना चाली लावल्या, मालिकांची शीर्षकगीतं केली. दुसरं लग्न केलं, मुलगा झाला. चांगला बाप होता म्हणतात. माझ्याकडं मुली गाणं शिकायला येत. वडील होते तोवर त्यांचं केलं. मी एकटीनं दोन-तीनदा कार्यक्रम करून बघितला. लोक विचारायचे, “दादा कुठायत?” मग सोडून दिलं. तीन वर्षांपूर्वी उदय गेला. सिराजनं फोन करून सांगितलं. तो आता मिरजेतच असतो, मुलाचं मंडपाचं दुकान बघतो.

“वहिनी,” फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “त्या कराडच्या टायमाला मी सूर सोडायला नको होता. अजून थोडा धरून ठिवला असता तर...”

“तुझं काय चुकलं त्यात?” मी म्हणाले. “वाजवायचं काम तुझं, तू वाजवलंस.”

एवढी वर्षं त्यानंही ते जपून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कोर्टातला दिवस सांगायचा राहिला. तो नव्वद सालातला, दिवाळीच्या आधीचा. आमचं दोघांच्या संमतीनंच होतं, भांडण काहीच नव्हतं. जज्जसाहेब वयस्कर होते. कागद बघताना थांबले, चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं, नाव वाचलं, पुन्हा बघितलं. ओळखलं असावं. म्हणाले, “एकत्र राहण्याची काही शक्यता?”

मी उदयकडं बघितलं. उदयनं माझ्याकडं बघितलं.

“नाही, साहेब,” वकील म्हणाले. दोघांकडून तेच बोलत होते.

जज्जसाहेबांनी अजून एक क्षण वाट बघितली. मग लिहिलं.

बाहेर ऊन होतं. वडील येणार नव्हते, त्यांचे गुडघे दुखत होते. उदय माझ्याबरोबर रिक्षापर्यंत चालत आला. रिक्षावाला पोरगेला होता, त्यानं आम्हाला ओळखलं नाही. ते बरं वाटलं.

“बाबांचे गुडघे कसे आहेत?” उदयनं विचारलं.

“थंडी पडली की त्रास होतो.”

“तेल गरम करून लावा म्हणावं.”

“सांगते.”

आणखी काही राहिलं नव्हतं. मी रिक्षात बसले, साडी सावरून घेतली. आपल्याकडं निघताना ‘जाते’ म्हणू नये, असं लहानपणापासून शिकवलेलं. तोंडातून तेच आलं जे प्रत्येकीच्या येतं.

“येते,” मी म्हणाले.

त्याचा हात रिक्षाच्या दांडीवर होता. तो तसाच राहिला. रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

“ये,” उदय म्हणाला, आणि हात काढून घेतला.